अंतर आणि प्रवासवेळ : जळगाव व धुळे येथील विमानतळांच्या संदर्भात खानदेशच्या दळणवळणाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

दोन विमानतळांमधील हवाई अंतर ही भूगोलाने ठरवून दिलेली, न बदलणारी संख्या आहे. प्रवासास लागणारा वेळ मात्र इतिहासाने ठरतो. जळगाव व धुळे या खानदेशातील दोन जिल्हा मुख्यालयांमधील, तसेच या दोन्ही ठिकाणांपासून मुंबईपर्यंतचे अंतर आणि वेळ यांचा संबंध कालानुक्रमे कसा बदलत गेला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. बैलांच्या तांड्यांचा काळ, आग्रा रस्ता, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि २०१७ नंतरची प्रादेशिक विमानसेवा असे चार टप्पे त्यासाठी मानले आहेत. दळणवळणाच्या प्रत्येक नव्या साधनाने खानदेशातील गावांचा परस्परक्रम बदलला. हा बदल निसर्गाने घडविलेला नसून मार्ग आखणाऱ्यांच्या निर्णयांतून घडला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : खानदेश, हवाई अंतर, प्रवासवेळ, रेल्वे, विमानतळ, उडान योजना, प्रादेशिक असमतोल.

प्रस्तावना

दळणवळणाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा साधनांच्या अंगाने झाले आहे. पहिली आगगाडी केव्हा धावली, पहिले विमान केव्हा उतरले, कोणता पूल कोणत्या साली बांधला, अशा नोंदींची त्यात रेलचेल असते. या नोंदी आवश्यक आहेतच. परंतु एखाद्या गावातील माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत, बाजारात, रुग्णालयात किंवा राजधानीत पोहोचण्यास प्रत्यक्षात किती वेळ लागत होता आणि तो कोणत्या कारणाने कमी किंवा अधिक झाला, हा प्रश्न त्या नोंदींत हरवून जातो. समाजजीवनावर परिणाम होतो तो या वेळेचा. मैलाच्या दगडावरील आकडा त्या मानाने गौण ठरतो.

खानदेश हा प्रदेश या दृष्टीने अभ्यासण्यास विशेष सोयीचा आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा आणि मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेले तापी नदीचे सपाट खोरे अशी याची रचना आहे. खोऱ्यातून आडवे जाणे सोपे आणि उत्तर-दक्षिण जाणे घाटांमुळे अवघड, हा येथील प्रवासाचा मूळ नियम होय. त्याच खोऱ्यात जळगाव आणि धुळे ही दोन शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसली आहेत. दोन्ही जिल्ह्यांची मुख्यालये आहेत आणि दोन्ही ठिकाणी १९७०च्या दशकात धावपट्ट्या बांधल्या गेल्या. तरीही आज एका ठिकाणी प्रवासी विमानतळ आहे, तर दुसऱ्या ठिकाणी वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. हा फरक का पडला, याचे उत्तर विमानांच्या इतिहासात शोधून पूर्णपणे मिळत नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) खानदेशातील प्रवासाचे अंतर व वेळ यांच्या संबंधात ऐतिहासिक कालखंडांनुसार झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) जळगाव व धुळे येथील विमानतळांच्या भिन्न वाटचालीची कारणमीमांसा करणे.
३) हवाई अंतरावरून काढलेली प्रवासवेळ आणि प्रवाशाचा प्रत्यक्ष वेळ यांतील तफावत स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. हवाई अंतरे अक्षांश-रेखांशांवरून, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून काढली आहेत. रेल्वेची अंतरे लोहमार्गाच्या लांबीची असून रस्त्याची अंतरे स्थूलमानाने दिली आहेत. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा विचार येथे केवळ संदर्भापुरता केला आहे.

हवाई अंतर म्हणजे काय?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान चापास बृहद्वृत्तीय अंतर म्हणतात. दोन विमानतळांमधील अंतर म्हणून जी संख्या सांगितली जाते ती बहुधा हीच असते. वैमानिक ती सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर होय. या अंतरास विमानाच्या सरासरी वेगाने भागून व उड्डाण आणि अवतरण यांसाठी अर्धा तास मिळवून प्रवासवेळ सांगण्याचा प्रघात आहे. परंतु हा वेग बहुधा मोठ्या जेट विमानाचा, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धरलेला असतो. लहान शहरांना जोडणारी पंख्याची विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातात. त्यामुळे हा हिशेब मुळातच मोठ्या शहरांच्या सोयीचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रमुख अंतरे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

तक्ता क्र. १ : अंतरांची तुलना (किलोमीटरमध्ये, स्थूलमानाने)
मुंबई ते जळगाव : हवाई ३५५, लोहमार्ग ४२०, रस्ता ४१५ ते ४२०
मुंबई ते धुळे : हवाई २८५, लोहमार्ग ३८५, रस्ता ३२५
जळगाव ते धुळे : हवाई ९०, लोहमार्ग १४९, रस्ता ९५

या तक्त्यातील शेवटची ओळ विशेष लक्ष देण्याजोगी आहे. जळगाव ते धुळे हा रस्ता हवाई अंतरापेक्षा जेमतेम पाच किलोमीटरने अधिक आहे, कारण पारोळा व एरंडोल यांवरून जाणारा हा मार्ग सपाट खोऱ्यातून जवळजवळ सरळ रेषेत जातो. लोहमार्ग मात्र हवाई अंतराच्या दीडपटीहून अधिक आहे. जळगावहून आगगाडीने धुळ्यास जाणाऱ्या प्रवाशाला आधी ९२ किलोमीटर नैर्ऋत्येकडे चाळीसगावला जावे लागते आणि तेथून सुमारे ५७ किलोमीटर पुन्हा उत्तरेकडे यावे लागते. त्रिकोणाची एक बाजू सोडून दोन बाजूंनी जाण्याचा हा प्रकार होय. निसर्गाने येथे कोणताही अडथळा उभा केलेला नाही. हा वळसा माणसाने आखलेला आहे आणि त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे.

पहिला टप्पा : मुक्कामांनी मोजलेले अंतर

मध्ययुगीन काळात सुरत बंदर आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतील ठाणे यांना जोडणारा मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरतेहून निघाला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर या मार्गाने १४ नोव्हेंबर रोजी बऱ्हाणपुरास पोहोचला. आजच्या लोहमार्गाने हे अंतर सुमारे ३८० किलोमीटर भरते. म्हणजे राजदूताच्या लव्याजम्यानेही दिवसाकाठी २५ किलोमीटरच कापले.

या काळात अंतर कोसांत सांगितले जाई, पण प्रत्यक्ष व्यवहार मुक्कामांचा असे. अमुक गाव किती मजलांवर आहे, हा प्रश्न अधिक उपयोगाचा होता. मालाची वाहतूक लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी होई आणि तांड्याची चाल पाणी व चारा यांवर अवलंबून असे. या व्यवस्थेत महत्त्व होते ते पूर्व-पश्चिम मार्गावरील गावांना. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर ही नावे त्या काळच्या प्रवासवर्णनांत वारंवार येतात, ती यामुळेच. जळगाव त्या यादीत नाही.

दुसरा टप्पा : आग्रा रस्ता आणि धुळ्याचा उदय

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पहिला प्रमुख अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुख्यालयासाठी धुळ्याची निवड केली. धुळे प्रदेशाच्या मध्यभागी होते आणि पुण्याहून हिंदुस्थानाकडे, म्हणजे नर्मदेपलीकडील उत्तर भारताकडे जाणाऱ्या मार्गावर होते, ही त्या निवडीमागील मुख्य कारणे होत. ब्रिग्जची दृष्टी लष्करी व महसुली होती. भिल्लांच्या उठावांनी अशांत झालेल्या प्रदेशात फौज लवकर हलविता येणे हे त्याच्या लेखी सर्वांत महत्त्वाचे होते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तीही याच धोरणाचा भाग होती.

पुढे मुंबई-आग्रा रस्ता पक्का झाला. मालेगाव, धुळे, शिरपूर आणि सेंधव्याचा घाट या मार्गाने तो माळव्यात उतरतो. या रस्त्याने खानदेशच्या इतिहासात प्रथमच उत्तर-दक्षिण दिशेला पूर्व-पश्चिम दिशेपेक्षा अधिक महत्त्व दिले. धुळे हे त्या दिशेचे गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खानदेशातील कोणाही माणसास जर विचारले असते की मुंबईस जवळचे शहर कोणते, तर धुळे असेच उत्तर आले असते. ते उत्तर भूगोलाच्या दृष्टीने आजही बरोबर आहे. तक्ता क्र. १ प्रमाणे धुळे हे मुंबईस जळगावपेक्षा हवाई अंतराने सुमारे ७० किलोमीटर आणि रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर जवळ आहे.

तिसरा टप्पा : रेल्वे आणि क्रमाची उलथापालथ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. १८६०च्या दशकात हाच लोहमार्ग खानदेशात आला आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटाचा मार्ग खुला झाल्यावर मुंबईशी तो अखंड जोडला गेला. भुसावळ येथे त्याचे दोन फाटे झाले. एक नागपुराकडे गेला व १८६७ मध्ये तेथे पोहोचला. दुसरा खांडव्यावरून जबलपुराकडे गेला आणि १८७० मध्ये तेथे ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला. मुंबई व कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली, ती खानदेशाच्या भूमीवरून.

या आखणीत धुळे वगळले गेले. त्यामागे धुळ्याविषयीचा आकस नव्हता. रेल्वे कंपनीचे लक्ष वऱ्हाडच्या कापसाकडे आणि कलकत्त्याच्या जोडणीकडे होते. नांदगाव-चाळीसगाव-पाचोरा ही दिशा त्यासाठी सोयीची होती. परंतु परिणाम दूरगामी झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६२ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कमालीचे वाढले, आणि नेमक्या त्याच काळात जळगावजवळ लोहमार्ग आला. नशिराबाद तालुक्यातील हे साधे गाव पाहता पाहता खानदेशातील कापसाची प्रमुख पेठ बनले.

म्हणजे मुंबईस अंतराने जवळ असलेले धुळे वेळेने दूर गेले आणि अंतराने दूर असलेले जळगाव वेळेने जवळ आले. नकाशावर एकही गाव जागचे हलले नव्हते. हा विपर्यास खानदेशच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटनांपैकी एक आहे, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन होऊन जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्यालय झाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एका गावाने जुन्या राजधानीची बरोबरी साधली होती.

धुळ्यास रेल्वे मिळाली ती १९०० साली, चाळीसगाव-धुळे या शाखेच्या रूपाने. शाखा आणि मुख्य मार्ग यांत केवळ लांबीचा फरक नसतो. शाखेवरील प्रवाशाच्या वेळेत जंक्शनवरील प्रतीक्षा मिळवावी लागते. दीर्घकाळपर्यंत धुळ्याचे काही डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीस जोडले जात. धुळे-दादर अशी थेट गाडी २०२३ मध्ये सुरू झाली, म्हणजे शाखा सुरू झाल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. याच सुमारास, १९०० पर्यंत, सुरतेकडून अमळनेरमार्गे जळगावला येणारा तापी खोऱ्यातील लोहमार्गही पूर्ण झाला. तो टॉमस रोच्या जुन्या मार्गास बहुतांशी समांतर होता. त्यानेही धुळ्यास उत्तरेकडून वळसा घातला आणि जळगावला आणखी एक दिशा मिळवून दिली.

रेल्वेने केवळ वेळ कमी केला नाही, तर वेळेची संकल्पनाही बदलली. रेल्वेपूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चाले. धुळे व जळगाव यांच्या रेखांशांत सुमारे ०.८ अंशाचा फरक असल्याने जळगावचा मध्यान्ह धुळ्याच्या सुमारे सव्वातीन मिनिटे आधी होतो. मुंबईच्या तुलनेत हा फरक ११ मिनिटांचा आहे. बैलगाडीच्या काळात या मिनिटांना अर्थ नव्हता. आगगाडीच्या वेळापत्रकाने तो दिला. रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली, तर १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहरात मात्र स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. म्हणजे पूर्व खानदेश जिल्हा आणि प्रमाणवेळ या दोन्हींचा जन्म एकाच वर्षी झाला.

रेल्वेने दिलेल्या सुलभतेचा राजकीय परिणामही दिसतो. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. खेड्याची निवड तत्त्वासाठी झाली होती, परंतु देशभरातून प्रतिनिधी तेथे येऊ शकले याचे एक कारण भुसावळ-खांडवा लोहमार्गाचे सान्निध्य हे होते. केळीच्या व्यापाराविषयीही असेच म्हणता येते. रावेर व सावदा या स्थानकांवरून उत्तर भारतात जाणारी केळी ही वेळेवर अवलंबून असलेली शेती आहे. माल नाशवंत असल्याने तेथे किलोमीटरपेक्षा तास मोलाचे ठरतात.

चौथा टप्पा : धावपट्ट्या, विमानतळ आणि उडान

भारतात नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, तेव्हा झाला. १९५३ च्या कायद्याने ही सेवा राष्ट्रीयीकृत झाली. पुढील कित्येक दशके विमान म्हणजे महानगरांचे साधन होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या धावपट्ट्यांचा उपयोग मुख्यतः मंत्र्यांचे दौरे, आपत्कालीन मदत व प्रशिक्षण यांपुरता होता. सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७०च्या दशकात जळगावजवळ कुसुंबे येथे व धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्ट्या बांधल्या, त्या याच कल्पनेतून.

या टप्प्यावर दोन्ही ठिकाणे समान होती. पुढील वाट मात्र वेगळी झाली. जळगावची धावपट्टी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, तिचा विस्तार झाला आणि २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. जळगाव जिल्ह्याच्या कन्या आणि १९६२ पासून या भागाचे विधानसभेत प्रतिनिधित्व केलेल्या नेत्या राष्ट्रपतिपदी असणे हा यातील योगायोग उपेक्षणीय नाही. त्याबरोबरच अजिंठा लेण्यांचे सान्निध्य, मुख्य लोहमार्गाभोवती वाढलेली बाजारपेठ व उद्योग, आणि १९९० पासून जळगाव येथे असलेले विद्यापीठ ही कारणेही होती. परंतु ही बहुतेक कारणे स्वतःच रेल्वेच्या आखणीची फळे होती. म्हणून १८६० च्या दशकातील निर्णयाने २०१२ च्या निर्णयाची पूर्वपीठिका तयार केली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

उद्घाटनानंतरही नियमित प्रवासी विमान येण्यास पाच वर्षे लागली. केंद्र शासनाने २०१६ च्या नागरी विमानवाहतूक धोरणाच्या अनुषंगाने ‘उडान’ अर्थात ‘उडे देश का आम नागरिक’ ही योजना आणली. सुमारे एक तासाच्या किंवा ५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणातील निम्म्या जागांसाठी भाडे २५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवणे, आणि कंपनीस येणारी तूट तीन वर्षांपर्यंत भरून देणे, हा तिचा गाभा होता. मुंबई-जळगाव हे ३५५ किलोमीटरचे अंतर या मर्यादेत सहज बसत होते.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनच्या १८ आसनी विमानाने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली. ती २०१८ मध्ये बंद पडली. १ सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेट कंपनीने अहमदाबाद-जळगाव-मुंबई अशी सेवा दिली. २०२० मध्ये कोरोना साथीच्या टाळेबंदीत दोन महिने देशांतर्गत उड्डाणेच बंद होती आणि २०२२ च्या प्रारंभी ही कंपनीही थांबली. त्यानंतर सुमारे दोन वर्षे जळगावला नियमित प्रवासी विमान नव्हते. २०२४ मध्ये फ्लाय९१ या कंपनीने गोवा, हैदराबाद व पुणे यांना, तर अलायन्स एअरने मुंबईस जळगावशी जोडले.

या खंडित वाटचालीची कारणे दोन्ही टोकांना शोधावी लागतात. जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटर लांबीची असल्याने तेथे पंख्याची लहान विमाने येऊ शकतात, मोठी जेट विमाने नाहीत. लहान विमानात प्रवासी कमी, म्हणून उत्पन्न कमी. दुसऱ्या टोकाला मुंबईचे विमानतळ अत्यंत गजबजलेले असून तेथे उतरण्या-उडण्यासाठी मिळणारी वेळ ही दुर्मीळ वस्तू आहे. अठरा किंवा सत्तर प्रवाशांच्या विमानास तेथे सोयीची वेळ मिळणे कठीण जाते. जळगावच्या प्रवाशाची वेळ अशा प्रकारे मुंबईच्या धावपट्टीवर ठरते. थळघाटाने १८६५ पूर्वी जी भूमिका बजावली, ती आता मुंबईच्या विमानतळाने घेतली आहे.

धुळ्याची वाट निराळी आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लब या जुन्या संस्थेने २०१० नंतरच्या दशकात आपल्या प्रशिक्षणाचा मोठा भाग जुहूहून धुळ्यास हलविला. मुंबईच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांना जागा उरली नव्हती. धुळ्याचे मोकळे आकाश त्यांच्या कामी आले. याच जिल्ह्यातील शिरपूर येथेही प्रशिक्षणासाठी धावपट्टी आहे. जेथे नागरिकांना बसण्यासाठी विमान नाही, तेथे विमान चालविणारे घडतात, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

उड्डाणाची वेळ आणि प्रवाशाची वेळ

मुंबई-जळगाव उड्डाणास धावपट्टीवरील हालचालींसह साधारण एक तास ते सव्वा तास लागतो. आगगाडीस सहा ते सात तास लागतात. वरवर पाहता पाच तासांहून अधिक बचत होते. परंतु घरून विमानतळावर जाणे, उड्डाणापूर्वी किमान तासभर उपस्थित राहणे, मुंबईत बाहेर पडणे आणि तेथील वाहतुकीतून इच्छित स्थळी पोहोचणे यांचा हिशेब धरला तर एकूण वेळ चार-साडेचार तासांवर जातो. शिवाय रात्रीच्या गाडीने जाणारा प्रवासी झोपेचे तास खर्च करतो, कामाचे नव्हे. विमानाची स्पर्धा म्हणून सहा तासांशी नसून एका रात्रीशी आहे, आणि सामान्य नोकरदारास रात्र स्वस्त पडते.

वारंवारतेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. एखादी सेवा आठवड्यातून तीन दिवस असेल आणि उड्डाणांमध्ये दोन, दोन व तीन दिवसांचे अंतर असेल, तर कोणत्याही क्षणी प्रवासाची गरज निर्माण झालेल्या माणसास सरासरी सुमारे १.२ दिवस, म्हणजे २९ तास थांबावे लागते. सव्वा तासाचे उड्डाण त्याच्यासाठी तीस तासांचे होते. ज्या दोन वर्षांत सेवाच नव्हती, त्या काळात ३५५ किलोमीटर ही संख्या तशीच होती, पण तिला काहीही अर्थ नव्हता. नियोजित प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यास हा दोष सोसता येतो. रुग्णाच्या नातेवाइकास किंवा मुलाखतीस निघालेल्या उमेदवारास तो सोसत नाही.

जळगाव-धुळे या जोडीचा विचार केला तर हवाई अंतराची मर्यादा अधिकच स्पष्ट होते. ९० किलोमीटरचे अंतर ताशी ५०० किलोमीटर वेगाने ११ मिनिटांत कापले जाईल, असे गणित सांगते. प्रत्यक्षात विमान पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच उतरावे लागेल आणि अशी सेवा कोणीही चालविणार नाही. या दोन शहरांचा खरा प्रश्न रस्त्याचा आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, जो नव्या क्रमांकानुसार ५३ झाला, त्याच्या फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण दीर्घकाळ रखडले होते. ज्या वर्षांत जळगावहून विमान उडविण्याची चर्चा रंगली, त्याच वर्षांत धुळे-जळगाव हा ९५ किलोमीटरचा रस्ता प्रवाशांची परीक्षा पाहत होता.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा ही त्याची दिशा आहे. ही दिशा म्हणजे जुना आग्रा रस्ताच होय. ब्रिग्जने १८१८ नंतर ज्या कारणासाठी धुळे निवडले, ते कारण रेल्वेच्या नियोजनात मान्य होण्यास दोनशे वर्षे लागली. हा मार्ग प्रत्यक्षात आल्यास धुळे शाखेच्या टोकावरून मुख्य मार्गावर येईल.

निष्कर्ष

१) खानदेशात दळणवळणाच्या प्रत्येक साधनाने गावांचा परस्परक्रम नव्याने ठरविला. पूर्व-पश्चिम मार्गाने नंदुरबार-चोपड्यास, आग्रा रस्त्याने धुळ्यास आणि रेल्वेने भुसावळ-जळगावला महत्त्व दिले.

२) मुंबईपासूनच्या अंतराच्या दृष्टीने धुळे सतत जवळ राहिले. वेळेच्या दृष्टीने जळगाव जवळ झाले. म्हणून प्रादेशिक असमतोलाचे स्पष्टीकरण केवळ भौगोलिक स्थानावरून देता येत नाही.

३) जळगाव येथील विमानतळाचे प्राधान्य हे स्वतंत्रपणे घडलेले नाही. ते रेल्वेने निर्माण केलेल्या आर्थिक व शैक्षणिक केंद्रीकरणाचे पुढचे पाऊल आहे. आधी सोय मिळालेल्या गावासच पुढची सोय मिळते, हा नियम येथे दिसून येतो.

४) हवाई अंतर ही केवळ शक्यता दर्शविते. प्रत्यक्ष प्रवासवेळ ही वारंवारता, सातत्य, भाडे व दुसऱ्या टोकावरील सोय यांवर अवलंबून असते. सातत्य नसलेली जलद सेवा ही संथ पण रोजच्या सेवेपेक्षा सामान्य माणसास अधिक वेळखाऊ ठरते.

शिफारशी

प्रादेशिक विमानसेवेचे मूल्यमापन करताना किती मार्ग सुरू झाले याऐवजी वर्षातील किती दिवस सेवा प्रत्यक्ष उपलब्ध होती, हा निकष वापरला जावा. जळगाव विमानतळाचा विचार एका शहरापुरता न करता धुळे, नंदुरबार व बुलढाणा या शेजारच्या जिल्ह्यांच्या संदर्भात व्हावा, आणि उड्डाणांच्या वेळांशी जुळणारी एस. टी. ची सेवा धुळे-पारोळा-एरंडोल मार्गावर असावी. धुळ्याचा प्रश्न दुसऱ्या प्रवासी विमानतळाने सुटेल असे मानण्यापेक्षा मनमाड-इंदूर लोहमार्ग वेळेत पूर्ण होण्यास अग्रक्रम दिला जावा. महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे आपापल्या तालुक्यातील गावांपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत लागणाऱ्या वेळेची कालानुक्रमे नोंद केल्यास अशा अभ्यासास भक्कम पाया मिळेल. तालुक्याच्या गावाहून विमानतळावर पोहोचण्यासच जर विमानाच्या उड्डाणापेक्षा अधिक वेळ लागत असेल, तर खानदेशच्या विकासाचे मोजमाप धावपट्टीपासून नव्हे, त्या गावाच्या थांब्यापासून सुरू केले पाहिजे.